सीआरपी उतरला, पण एनएलआर दुप्पट झाला! ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिसमधले रक्ताचे रिपोर्ट कसे वाचायचे?

सायली_क (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

वय ३४. धाकटी तीन वर्षांची, तिचं अंगावरचं दूध सुटून दीड वर्ष झालं. चार महिन्यांपूर्वी उजव्या स्तनात काखेच्या बाजूला गाठ हाताला लागली. दुखत होती. आठवड्याभरात वरची कातडी लाल झाली. गळू समजून अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले, एकदा सुईने पू काढला, कल्चरमध्ये काहीच वाढलं नाही. मग सोनोग्राफी बघून एका डॉक्टरांनी उभ्याउभ्याच सांगितलं, "कॅन्सरसारखं दिसतंय." बायोप्सीचा रिपोर्ट येईपर्यंतचे सहा दिवस मी मुलींना जवळ घेऊन झोपत होते, एवढंच लिहिते.

रिपोर्ट आला: ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस, म्हणजे स्तनाचा एक चिवट दाह. कॅन्सर नाही. टीबीच्या जंतूंचा स्टेन आणि जीनएक्सपर्ट दोन्ही निगेटिव्ह. तीन आठवड्यांपूर्वी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या.

आता मूळ प्रश्न. गोळ्या सुरू करण्याआधी पांढऱ्या पेशी १२,००० होत्या, न्यूट्रोफिल ७२ टक्के, लिंफोसाइट २० टक्के, प्लेटलेट ४ लाख, हिमोग्लोबिन ९.८, आणि शरीरातली सूज दाखवणाऱ्या दोन तपासण्या: सीआरपी ३८, ईएसआर ६२. काल पुन्हा रक्त दिलं. सीआरपी ६ वर आला, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. पण पांढऱ्या पेशी १५,५००, न्यूट्रोफिल ८४, लिंफोसाइट ११. मी वाचलं होतं की न्यूट्रोफिलला लिंफोसाइटने भागलं की एनएलआर मिळतो आणि तो जास्त असेल तर आजार उलटतो. आधी ३.६ होता, आता ७.६! आणि ईएसआर अजून ४८. स्तन मात्र बराच मऊ पडलाय, लाली फिकी झालीय, रात्री कुशीवर झोपता येतंय.

मग खरं काय मानायचं? डॉक्टरांची वेळ पुढच्या गुरुवारची आहे. तोवर जीव टांगणीला लागलाय.

---

सूक्ष्मदर्शक
विषय: आधी शरीरावर विश्वास ठेवा

सायली, मी पॅथॉलॉजिस्ट आहे. उपचार तुमचे डॉक्टरच ठरवतील, पण आकड्यांचा हा गुंता सोडवून देता येईल.

तुमचा एनएलआर आजाराने वाढलेला नाही, गोळ्यांनी वाढला आहे. आपल्या न्यूट्रोफिल पेशींपैकी मोठा हिस्सा एरवी रक्तवाहिन्यांच्या आतल्या भिंतींना चिकटून असतो. सिरिंजमध्ये येते ते वाहते रक्त, त्यामुळे त्या पेशी मोजणीत धरल्याच जात नाहीत. स्टेरॉइड पोटात गेल्यावर काही तासांतच त्या भिंती सोडून प्रवाहात उतरतात. अस्थिमज्जेतूनही जास्तीच्या बाहेर पडतात आणि रक्तातून ऊतींमध्ये जाण्याचे त्यांचे प्रमाण घटते. उलट लिंफोसाइट रक्तातून निघून मज्जेत आणि लसिका ग्रंथींत मुक्कामाला जातात. वरचा आकडा चढला, खालचा उतरला, भागाकार दुप्पट झाला. स्टेरॉइड घेणाऱ्या, एरवी पूर्ण निरोगी माणसाच्या रक्तातही हेच दिसते.

रिपोर्टमध्ये इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचाच आणखी एक प्रकार) किती आहेत ते पाहा. शून्याच्या आसपास असतील, तीही स्टेरॉइडचीच खूण.

एक अपवाद लक्षात असू द्या. स्टेरॉइडवर असताना खरा जंतुसंसर्गही होऊ शकतो, आणि तेव्हाही पांढऱ्या पेशी वाढतात. ताप, थंडी, एकदम वाढलेली ठणक, किंवा बँड पेशींसारख्या अपक्व न्यूट्रोफिलांचा रिपोर्टवर उल्लेख असेल तर गुरुवारची वाट पाहू नका. यातले काही नसेल तर निश्चिंत राहा, आणि गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका.

---

सायली_क
विषय: इओसिनोफिल ०!

आत्ता बघितलं. आधी ३ टक्के होते, आता ०. किती हलकं वाटलं म्हणून सांगू! ताप वगैरे काही नाही. मनापासून आभार. ईएसआरचं कोडं तेवढं राहिलंच.

---

परीक्षानळी
विषय: ईएसआर सावकाश उतरतो

मी लॅब टेक्निशियन, सतरा वर्षं हेच काम. ईएसआर कसा मोजतात ते सांगते, म्हणजे उत्तर आपोआप कळेल.

रक्तात सायट्रेट मिसळून ते वेस्टरग्रेनच्या उंच काचनळीत भरायचं, नळी स्टँडला सरळ उभी करायची आणि एक तास हात लावायचा नाही. तासाभरात लाल पेशी जितके मिलिमीटर खाली बसल्या तो ईएसआर. रक्तात फायब्रिनोजेन आणि ग्लोब्युलिन वाढले असतील तर लाल पेशी नाण्यांच्या चवडीसारख्या एकमेकींवर रचल्या जातात आणि चवड जड म्हणून भराभर खाली बसते. म्हणजे आपण सूज थेट मोजतच नाही, तिने बदललेल्या प्रथिनांचा लाल पेशींवर होणारा परिणाम मोजतो. ही प्रथिनं रक्तातून हळू जातात. आयजीजी प्रकारच्या अँटीबॉडीचं अर्धायुष्य तर साधारण तीन आठवड्यांचं. सीआरपीचं किती, तर जेमतेम १९ तास. यकृताने बनवणं थांबवलं की दोनचार दिवसांत तो खाली येतो.

त्यात तुमचं हिमोग्लोबिन ९.८. रक्त कमी असलं की पेशींना खाली जायला वाट मोकळी मिळते, ईएसआर वाढतोच. नळी जराशी कलली, टेबल हादरत असलं, खोली फार गरम असली तरी वाढतो. म्हणून एकट्या ईएसआरवरून आम्ही लॅबवाले कधीच कुणाला घाबरवत नाही.

आणि एक कळकळीची विनंती. सीआरपीचं एकक वाचा. काही ठिकाणी मिलिग्रॅम प्रति लिटर देतात, काही ठिकाणी प्रति डेसिलिटर. ३८ आणि ३.८ हे एकच असू शकतं! एका बाईंनी लॅब बदलली, आकडा दहापट उतरलेला दिसला आणि त्यांनी आनंदाने गोळ्या सोडल्या. सहा आठवड्यांत गाठ परत आली. तो कागद आमच्याच काउंटरवरून गेला होता, म्हणून आता मी प्रत्येक रिपोर्ट देताना एककावर बोट ठेवून दाखवते.

---

रानजाई
विषय: दोन वर्षांचा अनुभव

सायली, तुझ्या त्या सहा दिवसांबद्दल वाचून पोटात कालवलं. मीही तिथून गेलेय. माझा डावा. दोन वर्षांत दोनदा उलटला, आता अकरा महिने शांत आहे.

माझ्याकडे रक्ताच्या रिपोर्टची फाइल आहे आणि एक शंभर पानी वही आहे. वही जास्त कामाला आली. दर रविवारी आंघोळीआधी लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ मारायची, पट्टी ठेवून फोटो काढायचा, आणि वहीत लिहायचं: लाली किती, गाठ किती, पाणी येतंय का, दुखणं दहापैकी किती. बाजूला त्या आठवड्यात रक्त दिलं असेल तर त्याचे आकडे.

वर्षभराची वही समोर धरल्यावर दोन गोष्टी दिसल्या. एकदा सीआरपी २२ झाला होता. डॉक्टर स्टेरॉइड वाढवायच्या बेतात होते. मी वही पुढे केली: लाली तेवढीच, गाठ तेवढीच, आणि त्या आठवड्यात घरात सगळ्यांना सर्दी-ताप. त्यांनी थांबायचं ठरवलं, दहा दिवसांनी सीआरपी ५. दुसरी गोष्ट उलटी. स्तनाग्राजवळ वाटाण्याएवढी नवी गाठ आली तेव्हा सीआरपी ४ होता, अगदी नॉर्मल. सोनोग्राफीत पू दिसला. एवढ्याशा जागेतली सूज रक्तापर्यंत पोचलीच नव्हती बहुतेक.

अजून एक सांगते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या वेळी नडग्यांवर लाल, दुखऱ्या गाठी आल्या आणि घोटे सुजले. मी ते स्तनाशी जोडलंच नाही, वेगळ्या डॉक्टरांकडे गेले. त्याला एरिथिमा नोडोसम म्हणतात आणि तो या आजारासोबत येऊ शकतो. तेव्हा माझा ईएसआर नव्वदच्या वर होता. असं काही झालं तर दोन्ही तक्रारी एकाच डॉक्टरांना सांग.

---

वाटसरू_८१
विषय: बायोप्सी टाळता येईल का?

माझ्या बायकोला हीच लक्षणं आहेत, दोन महिने झाले. तिला सुईची फार भीती आहे. सीआरपी ४४, सीए १५-३ (रक्तातला कॅन्सरचा मार्कर) नॉर्मल आलंय. सीए १५-३ नॉर्मल म्हणजे कॅन्सर नाही असं धरून चालेल ना? रक्ताच्या तपासण्यांवरूनच निदान होत असेल तर बायोप्सी टाळायची इच्छा आहे. कृपया कुणी सांगेल का?

---

सूक्ष्मदर्शक
विषय: नाही. कृपया टाळू नका.

वाटसरू, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. सीए १५-३ ही निदानाची तपासणी नाहीच. स्तनाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये ती बहुतेक वेळा नॉर्मल असते, आणि कॅन्सर नसलेल्या काही आजारांत वाढलेली असते. सीआरपी ४४ एवढेच सांगतो की शरीरात कुठेतरी दाह आहे. इन्फ्लमेटरी ब्रेस्ट कॅन्सर नावाचा एक आक्रमक प्रकार आहे, त्यातही स्तन लाल होतो, सुजतो, कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसते. पू झालेले गळू, टीबी, ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस आणि तो कॅन्सर हे चौघे वरून एकसारखे दिसू शकतात. रक्ताचा एकही मार्कर त्यांना एकमेकांपासून वेगळे करत नाही.

वेगळेपण दिसते ते काचेवर. कोअर बायोप्सीचा तुकडा भिंगाखाली धरला की स्तनातले दूध तयार करणारे छोटे खंड दिसतात आणि दाह नेमका त्यांच्या मध्यावर बसलेला असतो. लांबट, चपलेच्या तळव्यासारख्या केंद्रकांच्या पेशी घोळका करून असतात, मधे केंद्रकांची घोड्याच्या नालेसारखी रांग असलेल्या महाकाय पेशी, आणि आजूबाजूला न्यूट्रोफिलांचे बारीक पुंजके. टीबीत गाठीच्या मध्यभागी चीजसारखा मृत भाग सापडतो, यात सहसा नसतो. कधी या सगळ्यात एक गोल, रिकामी पोकळी दिसते, विरघळून गेलेल्या चरबीच्या थेंबाची, आणि तिच्या कडेला ग्रॅम स्टेनमध्ये जांभळ्या काड्या. हा कोरिनेबॅक्टेरियम नावाचा जंतू, बहुधा त्याची क्रोपेनस्टेटी ही जात. त्याला चरबी लागते, तो सावकाश वाढतो, आणि साध्या कल्चर प्लेटवर दोन दिवसांत काही दिसत नाही म्हणून 'नो ग्रोथ' लिहिले जाते. वाढलाच तर त्वचेवरचा भेसळ जंतू समजून सोडून दिला जातो. सायली, तुमच्या डॉक्टरांना हे जरूर विचारा. तो सापडला तर अँटिबायोटिकची निवड बदलते.

केसलर आणि वोलॉक यांनी १९७२ मध्ये या आजाराचे वर्णन केले, तेसुद्धा तो कॅन्सरची नक्कल करतो म्हणूनच. वाटसरू, बायोप्सीच्या आधी जागा बधिर करतात. वहिनींना घेऊन जा, आणि रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस त्यांना एकटे सोडू नका.

---

वाटसरू_८१
विषय: धन्यवाद

सोमवारची वेळ घेतली. तिला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला.

---

चिकित्सक_मन
विषय: एसआयआय

चर्चा चांगली चाललीय. मी डॉक्टर नाही, संख्याशास्त्राचा माणूस आहे. बहिणीला हा आजार झाला म्हणून बरंच वाचलं. एनएलआरच्या पुढे आता एसआयआय आलाय: प्लेटलेट गुणिले न्यूट्रोफिल भागिले लिंफोसाइट. सायलींच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून तो १४४० येतो. आजार उलटणाऱ्या स्त्रियांमध्ये हे गुणोत्तर सुरुवातीलाच जास्त होतं, असं काही अभ्यासांत आलंय. मग निदानाच्या दिवशीच ते काढून कुणाला जास्त सांभाळायचं हे ठरवता येणार नाही का? साधा सीबीसी तर सगळेच करतात, वेगळी सुई टोचावी लागत नाही. मला तरी ही मोठी संधी वाटते.

---

सूक्ष्मदर्शक
विषय: संधी आहे, पण निकष नाही

कल्पना चांगलीच आहे आणि संशोधनही त्या दिशेने चालू आहे, विशेषतः तुर्कस्तान आणि चीनमधून. एसआयआय मुळात २०१४ मध्ये यकृताच्या कॅन्सरसाठी मांडला गेला, तिथून तो इकडे आला. अडचण तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. आजार दुर्मिळ, म्हणून बहुतेक अभ्यास एकाच रुग्णालयातले, थोड्या रुग्णांचे, जुन्या फायली उघडून केलेले. प्रत्येकाने आपल्याच आकड्यांतून सीमारेषा काढलेली, म्हणून ती दर अभ्यासात वेगळी. काहींत एनएलआरचा आजार उलटण्याशी संबंध दिसतो, काहींत दिसत नाही. त्यात रक्त स्टेरॉइडच्या आधीचे की नंतरचे, आधी अँटिबायोटिक झाले होते का, पू होता का, यावर सगळे अवलंबून.

इंटरल्युकिन-६, टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-१७ या दाहाचे निरोप पोचवणाऱ्या प्रथिनांचेही तेच. आजार समजून घ्यायला ते मोलाचे आहेत. इंटरल्युकिन-६ च यकृताला सीआरपी बनवायला लावते, म्हणून सीआरपी मोजताना आपण तिची सावलीच मोजत असतो. पण रोजच्या उपचारात त्यांचा आकडा पाहून निर्णय घेण्याची वेळ अजून आलेली नाही. हजारोंचा खर्च करून ते पॅनेल करून घेऊ नका, एवढी कळकळ आहे.

---

चिकित्सक_मन
विषय: मान्य

सीमारेषा त्याच आकड्यांतून काढायची आणि त्यांच्यावरच तपासायची, हा दोष माझ्या लक्षात यायला हवा होता. बहिणीच्या बाबतीत एकाच लॅबमधले तिचेच जुने-नवे आकडे शेजारी ठेवणं हेच जास्त उपयोगी पडलं, हेही खरं.

---

सायली_क
विषय: बाकीच्या तपासण्या

माझ्या फाइलमध्ये अजून एक गठ्ठा आहे. एएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या अँटीबॉडी) १:८० पॉझिटिव्ह, एसीई नॉर्मल, एएनसीए निगेटिव्ह, प्रोलॅक्टिन (दूध येण्याचं संप्रेरक) किंचित वाढलेलं, फेरिटिन (लोहाच्या साठ्याचा आकडा) ५८ म्हणजे नॉर्मल. इग्रा ही टीबीच्या संसर्गाची रक्ततपासणी मात्र गोळ्या सुरू करायच्या आदल्या दिवशीच घेतली होती, निगेटिव्ह. एएनएचं वाचून ल्युपसची भीती बसलीय. आणि मी 'आयजीएम' शोधलं की निम्म्या ठिकाणी अँटीबॉडीचीच माहिती येते, या आजाराच्या पूर्ण नावाचीही (इडिओपॅथिक ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस) तीच आद्याक्षरं असल्यामुळे. सुरुवातीला दोन दिवस मी माझ्या रिपोर्टमधला अँटीबॉडीचा आकडाच आजाराचा समजत होते.

---

सूक्ष्मदर्शक
विषय: एकेक करून

एएनए १:८० ने घाबरू नका. दहा निरोगी माणसांत एखाद्याचा सहज तेवढा येतो. सांधे, केस, तोंडातले व्रण, लघवीतले प्रथिन अशी जोड असेल तरच पुढे जायचे. एसीई सारकॉइडोसिससाठी आणि एएनसीए रक्तवाहिन्यांच्या दाहासाठी करतात, कारण त्या आजारांतही स्तनात ग्रॅन्युलोमा, म्हणजे दाहाच्या पेशींचे घोळके, होऊ शकतात. एसीई नॉर्मल आला म्हणून सारकॉइडोसिस पूर्ण बाद होत नाही, पण छातीचा एक्स-रे स्वच्छ असेल तर शक्यता फार उरत नाही.

इग्रा आधी घेतली हे तुमच्या डॉक्टरांनी उत्तम केले. ती तपासणी तुमच्या लिंफोसाइटकडून उत्तर मागते. स्टेरॉइडने त्याच दबल्या की उत्तर अनिश्चित किंवा खोटे निगेटिव्ह येऊ शकते. पॉझिटिव्ह आली असती तरी स्तनाचा टीबी सिद्ध झाला नसता. जगातल्या सुमारे एक चतुर्थांश माणसांच्या शरीरात टीबीचा जंतू कधी ना कधी शिरलेला आहे, आणि झोपलेला जंतू आणि जागा आजार यांतला फरक इग्रा सांगत नाही.

प्रोलॅक्टिन पुन्हा करा, सकाळी, थोडा वेळ शांत बसून. ताणाने, स्तनाला हाताळल्याने, थायरॉइड मंद असल्याने ते वाढते. उलटीवरच्या काही गोळ्या, जसे डॉम्पेरिडोन आणि मेटोक्लोप्रमाइड, काही मानसिक आजारांवरची औषधे, उदाहरणार्थ रिस्पेरिडोन, यांनीही वाढते. खरोखर सतत वाढलेले असेल तर या आजारात त्याला महत्त्व आहे. कारण सापडले तर त्यावर इलाज करता येतो.

फेरिटिनवर मात्र थांबा. ५८ नॉर्मल दिसते, पण ते दाहानेही वाढते. सीआरपी ३८ असतानाचे फेरिटिन ५८ आणि हिमोग्लोबिन ९.८ म्हणजे शरीरातले लोह कमी असण्याची दाट शक्यता. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (लोह वाहून नेणारे प्रथिन लोहाने किती भरले आहे) करून घ्या. तुमचा न उतरणारा ईएसआर कदाचित तिथेच अडकला आहे.

---

रानजाई
विषय: मेथोट्रेक्सेट असेल तर

मला दुसऱ्या वेळी स्टेरॉइड कमी करण्यासाठी मेथोट्रेक्सेट दिलं. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज नाही. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. आधी हिपॅटायटिस तपासलं, मग ठरावीक दिवसांनी सीबीसी, यकृत आणि क्रिएटिनिन. तेव्हा सीबीसी आजारासाठी नव्हे, औषधासाठी करतात, हे मला उशिरा कळलं. पांढऱ्या पेशी एकदम उतरल्या तर 'सूज गेली' म्हणून खूश व्हायचं नाही, लगेच फोन करायचा. आणि गरोदर राहायचं नाही, दूध पाजायचं नाही.

---

सायली_क
विषय: सहा आठवड्यांनंतर

उशीर झाला, माफ करा. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन ९ टक्के निघालं. लोह सुरू केलं, हिमोग्लोबिन ११.२ झालंय. ईएसआर २६. प्रोलॅक्टिन दुसऱ्यांदा नॉर्मल. बायोप्सीच्या जुन्या काचा पुन्हा पाहिल्या, ग्रॅम स्टेनमध्ये काड्या दिसल्या नाहीत. सोनोग्राफीत गाठ ४.२ सेंटिमीटरची १.६ झाली. एनएलआर अजून ५ च्या वरच आहे, आणि मी तो वहीत लिहून पुढच्या ओळीवर जाते. हो रानजाई, वही घेतली. पेनची रेघ गेल्या रविवारी पहिल्यांदा आतल्या बाजूला मारली.

वाटसरू, वहिनी कशा आहेत?

---

वाटसरू_८१
विषय: उत्तर

बायोप्सीत ग्रॅन्युलोमॅटसच आलं. कॅन्सर नाही. पण टीबीचं जीनएक्सपर्ट पॉझिटिव्ह आलं, टीबीची औषधं सुरू झालीत. नुसता सीआरपी बघून स्टेरॉइड दिलं असतं तर काय झालं असतं, हा विचार रोज येतो. तिनेच सांगितलंय इथे लिहायला.

---

सायली_क
विषय: पुढचं रक्त

त्यांना माझा नमस्कार सांगा. माझा पुढचा सीआरपी डोस अर्ध्यावर आल्यावर आहे, त्याच लॅबमध्ये. परीक्षानळी ताई, सकाळची गोळी घेऊन जाऊ की आधी रक्त देऊ?

---

परीक्षानळी
विषय: Re: पुढचं रक्त

सीआरपीला फरक पडत नाही. सीबीसीला पडतो, म्हणून दर वेळी एकाच पद्धतीने द्या. फॉर्मवर गोळीचं नाव, डोस आणि किती वाजता घेतली ते लिहा. सर्दी-खोकला असेल तर तोही लिहा. आमच्याकडे शेऱ्यासाठी जागा असते, पण ती बहुतेक वेळा कोरीच येते.